मागची सीट

खामगाव,
बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय पुष्पी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझे बाबा ठणठणीत आहेत, मीही आहे. फक्त माझे दोन्ही गुडघे खरचटलेत आणि नाकाचा शेंडा उन्हाने सोललाय. ते कशाने, हेच सांगायला बसलेय. फोनवर तू हल्ली "हो आई, बरंय आई, मीटिंग आहे आई" करून मला दोन मिनिटांत वाटेला लावतेस. पत्राला तसं करता येत नाही, ते गुमान वाचावं लागतं. शिवाय शाळेला सुटी आहे, आणि जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईला समोर ऐकणारं कुणी नसलं की करमत नाही.

आधी तुझ्या मनातली धाकधूक काढून टाकते. जानेवारीत तू मला एकटीला जे सांगितलंस, त्यातला एक शब्दही मी बाबांपुढे काढलेला नाही. तू शब्द घेतला होतास, मी तो पाळला. पण त्या दिवसापासून तू घराकडे फिरकली नाहीस. होळीला आली नाहीस, चौदा एप्रिलला आली नाहीस, आणि आता मे महिन्यातही येणार नाही म्हणतेस. "मी समोर आले की बाबा ओळखतील, आणि ओळखलं की परत भिंतीकडे तोंड करून बसतील," हे तुझं कारण. तसे बसलेले बाबा तू पाहिलेत, मीही पाहिलेत, म्हणून मी फार ताणून धरलं नाही. पण हे पत्र पूर्ण वाच आणि मग काय ते ठरव.

तर बातमी अशी, की आम्ही दोघं सायकलवरून तळ्याच्या काठाकाठाने फिरून आलो आणि तंबूत राहिलो. हसून घे. आमच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या सारिका मॅडम तुला आठवत असतील, त्या टिचभर उंचीच्या आणि गावभर आवाजाच्या. त्या दर उन्हाळ्यात आठ-दहा जणांना सायकलीवर कुठेतरी नेतात. यंदा त्यांनी पेनटाकळीचं धरण काढलं. आम्ही सगळे त्याला तळंच म्हणत होतो, कारण धरण म्हटलं की भिंत डोळ्यांसमोर येते आणि आम्हाला हवा होता काठ. मी शाळेत सहज म्हणाले, आम्ही दोघं आलो तर? बाईंनी जराही विचार केला नाही. "या की! पण तंबू तुमचा तुम्ही ठोकायचा," एवढंच म्हणाल्या.

आता आमची सायकल कुठली, ते विचारशील. दिवाळीत अंगणात लोखंडाचा एक लांबलचक सांगाडा पडलेला बघून तू "ही बाज कुणासाठी?" असं विचारलं होतंस, आणि बाबा नुसतेच गालात हसले होते. ती बाज नव्हती, ही सायकल होती. दोन जुन्या सायकली मध्ये कापून गोपाल वेल्डरने एकीला एक जोडल्या. दोन सीटा, पायडलांचे दोन जोड, हँडल मात्र पुढचं तेवढं वळणारं. मागचं नुसतं धरायला. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस गोपालच्या दुकानात स्टुलावर बसून प्रत्येक सांधा बोटाने चाचपायचा आणि पसंत नसला की परत करायला लावायचा. गोपाल माझ्याजवळ रडकुंडीला यायचा. गल्लीत तिला सगळे "लांबडी" म्हणतात. आम्हीही आता तेच म्हणतो.

तुला ठाऊक आहे, आजारपण सुरू झालं तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी आपली सायकल विकली होती. आधी रात्रीचं दिसेना, मग आजूबाजूचं, मग नळीतून बघावं तेवढंच उरलं आणि शेवटी तेही गेलं. सायकल गेली त्या दिवसापासून ते बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसले. तू शाळेतून आलीस की त्यांचा हात धरून बाजारात न्यायचीस आणि वाटभर तुझी टकळी सुरू. "बाबा, बैलगाडी. बाबा, पेरूवाली. बाबा, एक माणूस पोलक्याचं माप घेऊन राह्यला." तेवढ्यापुरतं त्यांच्या तोंडावर हसू यायचं. पुण्याला गेल्यावरही तुझी सवय गेली नाही. संध्याकाळी ऑफिसातून चालत निघालीस की फोन लावायचीस आणि अख्खा रस्ता त्यांच्या कानात ओतायचीस. त्या फोनच्या वेळेला ते स्वतःच दाढी करून तयार बसायचे, हे तुला मी कधी सांगितलं नाही वाटतं.

मग गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस अचानक म्हणाले, "सुवर्णा, तुले सायकल येते का?" मी म्हटलं, कैची येते. वरवट बकालला वडिलांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून चालवायचे, सीटवर बसायची वेळ आली तोवर लग्न लागलं. ते म्हणाले, "मंग आता सीटवर बस. मी मांगं बसतो." झालं. या वयात मी साडी खोचून, नंतर साडी सोडून पंजाबी ड्रेस घालून, पहाटे शाळेच्या मैदानावर शिकले. किती पडले ते विचारू नकोस. आपले घरमालक भगवानराव खिडकीतून रोज बघायचे आणि एक दिवस गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, टीव्ही लावायची गरजच राह्यली नाही."

पुढे बसणाऱ्याने रस्ता वाचायचा असतो, कारण मागच्याला खड्डा कळला नाही तर त्याची कंबर बसते. मी रस्ता वाचते तो हजेरी घेतल्यासारखा. खड्डा. गतिरोधक. म्हैस. दुसरी म्हैस. वळण, डावीकडे. आणि बाबा प्रत्येकाला मागून "हजर" म्हणतात. एकदा मी म्हैस म्हटलं आणि म्हशीनेच आवाज दिला, तर म्हणाले, "तिनं सोताच हजेरी देल्ली, आता मी काऊन देऊ?" रस्त्यावर लोक थांबून बघतात. बघू देत.

हिवरा आश्रमापर्यंत सगळ्यांच्या सायकली टेम्पोत टाकून नेल्या. या उन्हात घाट चढायचा हट्ट सारिका मॅडमनीही धरला नाही. तिथून पुढे मात्र पायडल. उन्हाळ्यातलं फिरणं म्हणजे तांबडं फुटताना निघायचं, ऊन तापायच्या आत झाड गाठायचं, दिवसभर त्या झाडाखाली लोळायचं आणि उन्हं कलली की परत निघायचं. पाणी इतकं मागे गेलं होतं, की काठ म्हणजे नुसती पसरलेली काळी माती. पण त्या पहिल्या सकाळी पाण्यावरून गार झुळूक आली ना पुष्पी, खामगावच्या तापलेल्या गल्लीतून आलेल्या मला रडू यायचं बाकी होतं. मी हजेरी घ्यायचीच विसरले. मागून आवाज आला, "बाई, वर्ग सुटला का?" मग पाणकोंबड्या, बगळे, जाळी वाळत घातलेली, पाण्यात डुंबणारी पोरं, सगळं वाचून दाखवलं. बगळे मोजून सांगा म्हणाले. मी म्हटलं, पगारात बसत नाही.

तंबूचं तर काय सांगू! आमच्या चमूतल्या डोळस शिक्षकमंडळींचे तंबू वाऱ्याने फुगून पतंगासारखे उडायला लागले. बाबांनी आपला तंबू हाताने चाचपत ठोकला आणि मग आत जाऊन आडवे झाले आणि वर आणखी ओरडले, "कोनाले मदत लागते काय?" एवढा माज मी त्यांच्या तोंडावर फार वर्षांनी पाहिला. मला तो फार आवडला.

आता दुसऱ्या सकाळची गंमत, जिच्यामुळे माझे गुडघे फुटलेत. बाबांचं मूळ गाव या धरणात गेलेलं, हे तुला नुसतं ऐकून माहीत आहे. गाव उठलं तेव्हा ते खामगावला नोकरीत होते. त्यांनी ते बुडताना पाहिलं नाही आणि नंतर कधी त्या बाजूला गेले नाहीत. बाकीची मंडळी पुढे निघून गेली होती. आम्ही आपले मागे मागे. मातीची वाट होती, तिच्यावरून चाक एकदम खडखडीत डांबराच्या तुकड्यावर चढलं. बाबा म्हणाले, "थांब. डाव्या हाताले निंबाचं झाड हाय का?" झाड नव्हतं, पण वाळून कोळसा झालेलं एक खोड होतं. मी तसं सांगितलं. मागची सीट एकदम ताठ झाली. "सुवर्णा, हा माह्या शाळेचा रस्ता हाय. याच रस्त्यानं मी हिवऱ्याले शिकाले जात होतो. वळव, वळव गाडी!"

मी वळवली. आणि तिथून पुढे पुष्पी, हजेरी त्यांनी घेतली. मागे बसून, डोळ्यांनी काही न दिसता, म्हणाले, "आता जरासा चढ." चढ आला. "आता रपटा." ओढ्यावरचा बुटका रपटा आला, अर्धा फुटलेला, पण आला. "आता उजवीकडं दगडी ओटा, मायबाया तिथं भाकर खाले बसत." ओटा होता! मी प्रत्येकाला "हजर, हजर" म्हणत होते आणि माझा आवाज चिरकत होता. "आता उतार. लांब उतार हाय. सोड ब्रेक, मार पायडल, इथं मी हात सोडून सायकल हाने!" मीही मारलं. वारा कानात भरला. ते मागून गात होते की ओरडत होते, मला कळलं नाही. एवढा चांगला रस्ता सांगणारा माणूस मागे बसल्यावर मी पुढे कशाला बघू? मी रस्त्याच्या कडेचे दगड बघत होते, ओळखीचे असल्यासारखे. एक गोष्ट आम्ही दोघंही साफ विसरलो होतो. तो रस्ता गावाला जातो, आणि गाव पाण्यात आहे.

पाणी दिसलं तेव्हा उशीर झाला होता. लांबडी जड, उतार मोठा, माझे ब्रेक नवशिके. डांबर सरळ पाण्यात शिरत होतं, त्याच्यामागून आम्ही शिरलो. पुढचं चाक गाळात रुतलं, मी हँडलवरून पुढे गुडघ्यांवर, आणि बाबा माझ्या अंगावरून पलीकडे, कंबरभर पाण्यात बसलेले. टोपी तरंगत चाललेली. मी घाबरून त्यांना हाका मारायला लागले. ते तोंडावरचं पाणी पुसत शांतपणे म्हणाले, "गाव आलं वाटते."

पुष्पी, मी लग्नानंतर एवढी कधी हसले नाही. दोघं पाण्यात बसून हसत होतो आणि उठायला गेलो की गाळात पाय घसरून परत बसत होतो. पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात तिकडची माणसं टरबुजं लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. असाच एक टरबुजांचा तुकडा जवळ होता. तिथले जानराव आणि त्यांची बायको पंचफुला, आम्ही बुडालो असं समजून, धावत आले. आम्ही हसतोय हे बघून पंचफुलाबाईंचं डोकं फिरलं. "डोये फुटले काय वं तुमचे? इतकं मोठ्ठं पानी दिसत नाही?" बाबा आवाजाच्या दिशेने हात जोडून म्हणाले, "माहे फुटले बाई, हिचे शाबूत हायेत. चूक हिचीच हाय." ती माउली आधी चपापली, मग तोंडाला पदर लावून जी हसायला लागली, की जानरावांना तिला धरावं लागलं. त्या दोघांनीच लांबडी ओढून काढली. मग बाभळीखाली आम्हाला बसवलं, भलंमोठं टरबूज आपटून फोडलं आणि ओल्या कपड्यांनी आम्ही ते कोपरापर्यंत रस गाळत खाल्लं. जानरावांना बाबांचे वडील आठवत होते. कोणाचं घर कुठे होतं हे दोघं पाण्याकडे हात करकरून एकमेकांना सांगत बसले. बाबांचा हात बरोबर दिशेला जात होता, असं जानराव म्हणाले. ती दोघं आपल्या वेलांकडे परत गेल्यावर बाबा मला एक बोलले. ते शेवटी सांगते, आधी रोडगे.

त्या संध्याकाळी पौर्णिमा होती. काठावर सगळ्यांनी मिळून बुद्धवंदना घेतली, सारिका मॅडमना येत नव्हती तर त्या आमच्यामागे ओठ हलवत उभ्या राहिल्या. मग गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे लावले, वांग्याची भाजी केली, आणि खीर तर हवीच. रोडग्यांची राख झटकून त्यात तूप ओतायचं काम बाबांकडे होतं. वासावरून त्यांना शिजलेला रोडगा कळतो म्हणाले. पहिला काढला तो आतून कच्चा निघाला. "वाऱ्याची दिशा बदलली," असं कारण दिलं. तोवर आमची पाण्यातली कथा सगळ्यांना पाठ झाली होती, आणि दर वेळी सांगताना बाबा पाणी थोडं थोडं खोल करत होते. जेवणं होईपर्यंत ते गळ्याशी पोचलं होतं. चंद्र पाण्यावर आला तेव्हा मी त्यांना तो सांगितला. ते म्हणाले, "राहू दे, हा मले पाठ हाय."

आणि आता ते शेवटचं. बाभळीखाली टरबुजाची फोड हातात धरून बाबांनी मला विचारलं, "पुष्पीच्याबी डोयाचं तेच हाय ना?" माझ्या हातातली फोड तशीच राहिली. मी शब्द मोडला नाही गं, मी काहीच बोलले नाही. पण जिचं तोंड कधी मिटत नाही ती बाई गप्प बसली, त्यांना तेवढं पुरलं. तेच पुढे म्हणाले, "थंडीपासून तिचा फोन दुपारी येते. चालता चालता येत नाही. रस्ता सांगत नाही. मीबी असाच दिवस मावळाच्या आत घरी येत होतो अन जिनिंगात पोट दुखते म्हनून सांगत होतो." म्हणजे तू ज्याच्यापासून लपवत होतीस, तो माणूस ते सगळं तुझ्याआधी लपवून बसलेला. उन्हाळाभर त्यांना ठाऊक होतं आणि ते भिंतीकडे वळले नाहीत, पुष्पी. ते लांबडीच्या साखळीला तेल घालत होते. मी म्हटलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? म्हणाले, "वाटलं. लय वाटलं. माह्यापासूनच गेलं ना तिच्याकडं." डॉक्टरांनी तुझ्या नजरेला अजून पुष्कळ वर्षं दिलीत, हे तेव्हा मी सांगून टाकलं, कारण लपवायला काही उरलंच नव्हतं. त्यावर त्यांनी हातातली फोड संपवली, बिया थुंकल्या आणि मला निरोप दिला, तो पोचवायलाच हे पत्र लिहिलंय, जसाच्या तसा: "तिले म्हनावं, सध्या पुढच्या सीटवर बस. मांगची सीट माही हाय, ते इतक्यात खाली होत नाही. कधी लागलीच, तं कसं बसाचं ते मी शिकवतो." तेव्हा ये, पोरी. पहाटेची बस धर, म्हणजे उजेड आहे तोवर पोचशील. हँडल तुझ्या उंचीला लावून ठेवलंय, मी गोपालला कालच कामाला लावलं. आणि बस सुटली की बाबांना फोन लाव आणि खिडकीतून जे जे दिसेल ते सांगत ये. ते दाढी करून बसतील, आणि एकेकाला "हजर" म्हणत राहतील.

तुझीच, सोललेल्या नाकाची
आई